स्टेडियमची प्रेक्षकक्षमता व बैठकीची सोय

स्टेडियमची प्रेक्षकक्षमता व बैठकीची सोय : फुटबॉलचे जुने स्टेडियम दुरुस्त करताना किंवा पाडून नव्याने बांधताना किती प्रेक्षक सामावून घ्यायचे आणि प्रत्येकाला किती जागा द्यायची, यांचा मेळ घालण्याचा प्रश्न. मैदानाभोवतीची जागा ठरलेली असते. त्यामुळे खुर्ची रुंद केली, पाय ठेवायला जागा वाढवली, वाटा मोकळ्या केल्या की प्रेक्षकसंख्या घटते. नागपुरात हा प्रश्न मुख्यतः धंतोलीतील महानगरपालिकेच्या यशवंत स्टेडियमच्या संदर्भात निघतो. प्रस्तुत नोंदीत तांत्रिक बाजू विस्ताराने दिली आहे; खेळाचे नियम व स्पर्धांची माहिती येथे घेतलेली नाही.

प्रेक्षकक्षमतेचा आकडा नेमका कशाचा, हा वाद फार जुना आहे. रोमच्या कलोसियमबाबत इ. स. चौथ्या शतकातील एका शहरसूचीत ८७,००० ‘लोका’ (जागा) असल्याची नोंद आहे. ती दीर्घकाळ प्रेक्षकसंख्या म्हणूनच वाचली गेली. पुढे काही अभ्यासकांनी असे मांडले की, हा आकडा माणसांचा नसून बैठकीच्या एकूण लांबीचा, म्हणजे रोमन फुटांचा असावा. तसे धरल्यास प्रेक्षकसंख्या बरीच खाली येते, आणि आधुनिक अंदाज बहुधा ५०,०००च्या आसपास स्थिरावतात. रोमन नाट्यगृहांच्या काही दगडी बैठकांवर जागा वाटून देणाऱ्या रेषा कोरलेल्या आढळतात. त्यांतील अंतर साधारण ४० सेंमी. भरते. हा पुरावा लक्षात घेता लांबीचा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. या वादाचा आजच्या विषयाशी थेट संबंध आहे. माणशी किती सेंटिमीटर धरले हे सांगितल्याशिवाय क्षमतेच्या कोणत्याही आकड्याला अर्थ नाही; तो मोजून मिळत नाही, ठरवावा लागतो.

सिमेंटच्या सलग पायऱ्यांच्या गॅलरीत ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. चौघे बसलेले असतात, पाचवा येऊन “जरा सरका” म्हणतो, चौघे सरकतात आणि पाचवा मावतो. खाली वर्तमानपत्र अंथरलेले, मागच्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकलेले. महत्त्वाच्या सामन्याला अशा गॅलरीची क्षमता तिकिटांपेक्षा ‘सरका’ या शब्दावर ठरते. पाठीची वेगळी खुर्ची बसवली की ही लवचीकता संपते.

गणित असे : १०० मी. लांब व २४ मी. खोल गॅलरी घेतली, माणशी ४० सेंमी. रुंदी आणि ६० सेंमी. खोलीच्या रांगा धरल्या, तर ४० रांगांत प्रत्येकी २५०, म्हणजे १०,००० प्रेक्षक बसतात. रुंदी ५० सेंमी. व रांगेची खोली ८० सेंमी. केल्यास ३० रांगांत प्रत्येकी २००, म्हणजे ६,०००. मधल्या वाटा सोडल्या तर दोन्ही आकडे आणखी उतरतात. माणशी अवघे दहा सेंटिमीटर आणि गुडघ्यांपुढे वीस सेंटिमीटर देण्याची ही किंमत आहे. त्याच जागेत लोक उभे केले आणि क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या ब्रिटिश मार्गदर्शिकेची (‘ग्रीन गाइड’) दर १० चौ. मी.ला ४७ ही कमाल मर्यादा लावली, तर ११,२८० जण मावतात.

दृष्टिरेषा : बैठकीच्या सोयीत खुर्चीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व दिसण्याला आहे. पुढच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या पातळीपासून मागच्याची नजर किती मिलिमीटर वरून जाते, त्या अंतराला ‘सी-मूल्य’ म्हणतात. सभागृहातील बैठकांचा असा वक्र शास्त्रीय रीतीने मांडण्याचे श्रेय सामान्यतः स्कॉटिश अभियंते जॉन स्कॉट रसेल यांना (१८३८) दिले जाते. वर चढत जाणाऱ्या बैठका मात्र ग्रीक नाट्यगृहांपासूनच्या आहेत. सी-मूल्य ९० मिमी. असल्यास चांगले समजतात, ६० मिमी.च्या खाली जाऊ नये असा संकेत आहे.

डोळ्यापासून लक्ष्यबिंदूपर्यंतचे (बहुधा जवळच्या बाजूरेषेपर्यंतचे) आडवे अंतर ४५ मी., डोळ्याची उंची १६ मी., पायरीची उंची ३५ सेंमी. आणि रांगेची खोली ८० सेंमी. असल्यास सी-मूल्य सुमारे ६४ मिमी. येते, म्हणजे जेमतेम. पायरी तेवढीच ठेवून खोली ६० सेंमी. केली तर ते १३५ मिमी.च्या घरात जाते. पाय आखडून बसणाऱ्याला चेंडू अधिक चांगला दिसतो, हा या शास्त्रातील विरोधाभास आहे. पाय मोकळे करायचे आणि दिसणेही राखायचे, तर पायरी उंच करावी लागते. वरील उदाहरणात ९० मिमी.साठी ती ३७.६ सेंमी.पर्यंत न्यावी लागेल. जुन्या गॅलरीच्या पायऱ्या तशाच ठेवून त्यांवर खुर्च्या ठोकल्या, की गुडघे तिथेच अडतात आणि माणसे मात्र घटतात. पुनर्विकासात पायऱ्यांनाच हात घालावा लागतो तो यामुळे. केवळ खुर्च्या बसवून नूतनीकरण झाले असे मानणे चुकीचे आहे.

बाहेर पडण्याची वाट : क्षमतेला खरी मर्यादा जिना घालतो. ब्रिटिश मार्गदर्शिकेनुसार जिन्याच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला ६६ माणसे उतरतात असे धरतात, आणि सामना संपल्यावर बाहेर पडायला जास्तीत जास्त आठ मिनिटे देतात. १.२ मी. रुंदीच्या एका जिन्यातून तेवढ्या वेळात सुमारे ६३३ जण उतरतील. म्हणजे वरच्या उदाहरणातील ६,००० प्रेक्षकांना असे दहा जिने लागतात, १०,००० प्रेक्षकांना सोळा. जिने तितके नसतील तर खुर्च्या असूनही क्षमता कमीच धरावी लागते.

या मार्गदर्शिकेचा इतिहास अपघातांचा आहे. १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियमच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत ६६ जण गेले. त्यानंतर १९७३ मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली. शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममधील १५ एप्रिल १९८९ च्या दुर्घटनेत अखेरीस ९७ बळी गेले, आणि तिच्या चौकशीच्या १९९० मधील टेलर अहवालानंतर इंग्लंडमधील वरच्या दोन श्रेणींच्या मैदानांवर उभे राहण्याच्या गॅलऱ्या बंद झाल्या. बसून पाहण्यानेच सुरक्षितता आली की गर्दीच्या व्यवस्थापनाने, याबद्दल मतभेद आहेत. जर्मनीतील डॉर्टमुंडच्या वेस्टफालन स्टेडियममध्ये देशांतर्गत सामन्यांना ८१,३६५ प्रेक्षक असतात, त्यांपैकी दक्षिण गॅलरीत सुमारे २५,००० उभे. सर्वांना बसवावे लागते त्या आंतरराष्ट्रीय सामन्यांना क्षमता ६६,००० च्या आसपास येते. हे उदाहरण पाहता व्यवस्थापनाचा पक्ष बलवान ठरतो. इंग्लंडनेही २०२२ पासून परवानाधारक उभ्या जागांना पुन्हा मुभा दिली.

स्वतंत्र खुर्च्या आल्या की क्षमता घटते, हे भारतातही दिसते. कोलकात्याचे विवेकानंद युवा भारती क्रीडांगण (सॉल्ट लेक, १९८४) सुमारे १,२०,००० क्षमतेचे म्हणून ओळखले जाई. १३ जुलै १९९७ रोजी ईस्ट बंगाल–मोहन बागान सामन्याला तेथे १,३१,७८१ प्रेक्षक नोंदले गेले. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी बाके जाऊन स्वतंत्र खुर्च्या आल्या आणि क्षमता सत्तर हजारांच्या आत आली. क्रिकेटमध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमची क्षमता २०११ च्या विश्वचषकापूर्वीच्या पुनर्बांधणीत सुमारे ४५,००० वरून ३३,००० वर उतरली.

नागपूर : येथील फुटबॉल मोमीनपुरा, कामठी आणि रेल्वेच्या मोतीबाग मैदानाभोवती वाढला. कामठी ही १८२१ च्या सुमाराची छावणी. त्या भागातील खेळाचा उगम सामान्यतः तिच्याशी जोडला जातो. शहराच्या मध्यावरील यशवंत स्टेडियमला खेळाबाहेरचीही ओळख आहे. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात राज्यभरातून येणारे मोर्चे येथून निघतात, आणि गॅलरीखालच्या गाळ्यांत वर्षभर दुकाने चालतात. त्यामुळे येथे क्षमता ठरवताना फुटबॉलच्या प्रेक्षकांखेरीज इतर गर्दीचाही विचार करावा लागतो. गाळ्यांमुळे जिने व बाहेर पडण्याच्या वाटा यांना किती जागा उरते, हे आधी पाहावे लागते.

या शहराने गॅलरीची किंमत मोजलेली आहे. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी सिव्हिल लाइन्समधील मैदानावर भारत–न्यूझीलंड एकदिवसीय सामन्यादरम्यान नव्याने बांधलेल्या गॅलरीची भिंत कोसळून किमान नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मोठे क्रिकेट पुढे २००८ मध्ये वर्धा मार्गावरील जामठ्याच्या सुमारे ४५,००० क्षमतेच्या स्टेडियमवर गेले. शहरात तेवढ्या आकड्याशी स्पर्धा करणारे दुसरे स्टेडियम बांधण्याची गरज प्रस्तुत लेखकाला दिसत नाही. स्थानिक लीगला कमी खुर्च्या, पण सावली, पाणी आणि पुरेसे जिने अधिक उपयोगी आहेत.

सावलीचा मुद्दा येथे खुर्चीच्या रुंदीहूनही आधी येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उघड्या सिमेंटच्या पायरीवर दुपारी चारलाही हात टेकवत नाही, आणि प्लॅस्टिकची खुर्ची उन्हाने ठिसूळ होते. मैदान उत्तर–दक्षिण असल्यास दुपारनंतर पश्चिमेच्या गॅलरीवर तिच्याच छताची सावली पडते, पूर्वेच्या गॅलरीला मावळते ऊन समोरून खावे लागते. छत एकाच बाजूला परवडत असेल तर ते पश्चिमेला घालून खुर्च्यांचा मोठा वाटाही तिकडे ठेवणे सोयीचे. प्रकाशझोत असल्यास पूर्वेकडील प्रेक्षकांना संध्याकाळचे सामने देता येतात.

चाकाच्या खुर्चीसाठीच्या जागेचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो. अशी एक जागा ९० × १४० सेंमी. धरतात, म्हणजे तीन साध्या खुर्च्यांइतकी. शेजारी सोबत्याची खुर्ची वेगळी. या जागेची दृष्टिरेषा पुढचा प्रेक्षक उभा राहिला आहे असे गृहीत धरून काढतात, कारण गोल होतो तेव्हा पुढची सगळी रांग उठते.