जुनी अंगठीची डबी म्हणजे बेकेलाइटच, असं नाही

आर्ट डेको या सजावटशैलीच्या काळातल्या, म्हणजे १९२० आणि ३०च्या दशकांतल्या अमेरिकी दागिन्यांच्या डब्या जमवणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: जुनी, गुळगुळीत, प्लॅस्टिकसारखी डबी म्हणजे बेकेलाइट (सुरुवातीच्या काळातलं एक कृत्रिम प्लॅस्टिक), शंका असेल तर तापवलेली सुई टोचून बघा.

पहिलं चूक, दुसरं धोक्याचं. हस्तिदंती रंगाच्या, आत मखमल आणि झाकणाच्या साटीनवर सराफाचं नाव-गाव सोनेरी अक्षरांत छापलेल्या त्या देखण्या डब्यांपैकी बऱ्याच सेल्युलॉइड या दुसऱ्याच प्लॅस्टिकच्या आहेत. बेकेलाइट लिओ बेकलंडने १९०७ साली शोधलं. सेल्युलॉइड त्याच्याही कितीतरी आधीचं. बेकेलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून सुई आत शिरत नाही, हे खरं. पण सेल्युलॉइडमध्ये नायट्रोसेल्युलोज असतं आणि ते भसकन पेटतं. डबी ओळखायच्या नादात हात भाजून घ्यायची हौस कुणाला?

त्यापेक्षा नाक वापरा. अंगठ्याने कोपरा जोरात घासा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कार्बोलिक साबणासारखा उग्र आला तर बेकेलाइट. (गरम पाण्यात बुडवायचा सल्लाही मिळेल, मखमलीची वाट लागेल.)

सेल्युलॉइड निघालं तर बिजागरी तपासा. पितळेवर हिरवट थर आणि कडांना बारीक चिरा असतील, तर बहुधा ते कुजायला लागलंय. त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या वस्तूही खाते. अशी डबी थंड, हवेशीर जागी वेगळी ठेवा, आणि आतली अंगठी आधी बाहेर काढा.