टर्निप टाउनशेंड आणि मुळांवरच्या गुलाबी गाठी

इंग्लंडच्या शेतीक्रांतीबद्दल काहीही वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं: ‘चार पिकांची फेरपालट चार्ल्स टाउनशेंड यांनी शोधली.’ हे खरं नाही. आजच्या बेल्जियमच्या भागातल्या फ्लँडर्सचे शेतकरी सलगम (इंग्रजीत टर्निप) आणि क्लोव्हर हे चाऱ्याचं पीक त्यांच्या आधीपासून घेत होते. खुद्द टाउनशेंड यांच्या नॉरफोक परगण्यातही सलगम सतराव्या शतकातच परसातून शेतात आलं होतं. टाउनशेंड यांनी ही पद्धत आपल्या मोठ्या जमीनदारीत राबवली आणि तिचा प्रचार केला. त्यांचं श्रेय तेवढंच, पण ते लहान नाही.

टाउनशेंड यांचा जन्म 1674 चा. तेराव्या वर्षी ते दुसरे व्हायकाउंट (सरदारकीचा एक किताब) झाले. पुढे नेदरलँड्समधल्या हेगला राजदूत, मग पहिल्या जॉर्ज राजाचे मंत्री. रॉबर्ट वॉलपोल हे त्यांचे मेहुणे आणि राजकारणातले सोबती. पुढे दोघांचं बिनसलं आणि 1730 मध्ये टाउनशेंड राजीनामा देऊन नॉरफोकमधल्या रेनमला आपल्या जमिनीवर परतले. 1738 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचं लक्ष शेतीत होतं. सलगमाबद्दल ते इतकं बोलत, की ‘टर्निप टाउनशेंड’ हे नावच पडलं.

रेनम हॉल हा त्यांचा वाडा आज मात्र ओळखला जातो तो भुतासाठी. जिन्यावरच्या ‘तपकिरी बाई’चा फोटो 1936 मध्ये एका मासिकात छापून आला आणि ती टाउनशेंड यांची पत्नी डोरोथी असल्याचं सांगितलं जातं. एकाच फिल्मवर दोन चित्रं उमटली, तरी अशी आकृती दिसू शकते. डोरोथी 1726 मध्ये देवीच्या रोगाने गेली. देवी टोचण्याची जुनी पद्धत इंग्लंडमध्ये 1721 मध्ये पोचली होती. भुतापेक्षा ही गोष्ट लोकांना माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता शेताकडे वळू. गहू, सलगम, सातू, क्लोव्हर असा क्रम. जुन्या पद्धतीत तिसरा हिस्सा जमीन दरवर्षी पडीक राहायची, ती आता पिकाखाली आली. सलगमात खुरपणी होऊन तण निघायचं, मेंढ्यांना हिवाळ्यात चारा मिळायचा आणि त्यांच्या लेंड्यांचं खत शेतातच पडायचं. पण खरी जादू क्लोव्हरची. आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालतात ते बरसीम याच क्लोव्हरचं भावंड. ‘हरभऱ्याचा बेवड चांगला’, म्हणजे हरभऱ्यानंतर त्या जमिनीत पुढचं पीक चांगलं येतं, असं आपला शेतकरी म्हणतो, त्यामागेही हेच रहस्य आहे.

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. झाडाला तो बंध तोडता येत नाही. म्हणून क्लोव्हरचं मूळ मातीत फ्लॅव्हनॉइड नावाची रसायनं सोडतं. रायझोबियम जिवाणू ती ओळखून उलटा रासायनिक निरोप धाडतात. मग मुळावरचा केस आकडीसारखा वळतो, जिवाणू आत शिरतात आणि तिथे गाठ धरते. क्लोव्हरचे जिवाणू सोयाबीनवर गाठ धरत नाहीत, कारण प्रत्येकाची निरोपाची भाषा वेगळी. तेव्हा कोणत्याही पिकावर गाठी आणणारं जिवाणूंचं संवर्धक कोणी विकत असेल, तर विश्वास ठेवू नका.

गाठीत नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) काम करतं. नायट्रोजनच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू करायला त्याला 8 इलेक्ट्रॉन आणि एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, 16 रेणू लागतात. एवढं एटीपी बनवायला जिवाणूला ऑक्सिजन हवा, आणि ऑक्सिजन लागला की नायट्रोजिनेज कायमचं निकामी होतं! यावरचा झाडाचा तोडगा मला फार आवडतो. झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार करतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच हे नातलग. ते ऑक्सिजन घट्ट धरून जिवाणूंपर्यंत नेतं, त्यामुळे मोकळा ऑक्सिजन नगण्य राहतो आणि पुरवठा मात्र थांबत नाही. हरभऱ्याचं रोप फुलोऱ्याच्या आधी उपटून एखादी गाठ नखाने फोडून पाहा. आत गुलाबी रंग दिसला, तर कारखाना चालू आहे.

या विकराच्या गाभ्यात लोहाबरोबर मॉलिब्डेनम असतं. आम्लधर्मी मातीत ते मातीच्या कणांना चिकटून बसतं, मुळांना मिळत नाही. नॉरफोकच्या हलक्या रेताड जमिनीत चुनखडीची माती मिसळण्याची पद्धत होती आणि तीही टाउनशेंड यांनी वापरली. चुन्याने आम्लता उतरते, मॉलिब्डेनम मोकळं होतं, जिवाणूही टिकतात. क्लोव्हर उभं असताना यातला फारच थोडा नायट्रोजन शेजारच्या पिकाला मिळतो. मुळं आणि गाठी कुजल्या, किंवा चारा जनावराच्या पोटातून खत होऊन परतला, की मग तो पुढच्या गव्हाच्या वाट्याला येतो.

हे सगळं टाउनशेंड यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. नायट्रोजन हा वायू वेगळा ओळखला गेला तोच 1772 मध्ये. पुढे 1886 मध्ये हेलरिगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी निर्जंतुक वाळूत वाटाणा लावला. नायट्रोजनचं खत नसल्याने रोपं खुरटली. मग काही कुंड्यांत शेतातल्या मातीचा थोडासा अर्क घातला आणि तिथला वाटाणा तरारला. ओटला तोच अर्क घातला, त्याला काहीच फरक पडला नाही.