आग्र्याची पखाल आणि ग्वाल्हेरची मिराज

लढाऊ विमान मिराज उडालं की ग्वाल्हेरच्या मुरार भागात बोलणं अर्ध्यावर थांबतं. फोनवरच्या माणसाला "थांब, विमान जातंय" म्हणायचं, आवाज विरला की पुन्हा सुरू. महाराजपुऱ्याचा हवाई तळ ग्वाल्हेरकरांच्या इतका अंगवळणी पडलाय. पण शे-सव्वाशे किलोमीटरवर, आग्र्याला, या मिराजना लांबचा पल्ला देणारी एक तुकडी आहे, तिचं नाव इथं फारसं कुणी काढत नाही. ती म्हणजे हवाई दलाची 78 क्रमांकाची स्क्वाड्रन, हवेतल्या हवेत इंधन पुरवणारी.

लढणाऱ्याचं नाव होतं, पुरवणाऱ्याचं राहून जातं, हे ग्वाल्हेरच्या 'लष्कर' भागात राहणाऱ्या मराठी माणसाला खरं तर सांगायला नको. दौलतराव शिंद्यांची छावणी इथं पडली आणि तिचंच पुढे शहर झालं. त्या छावणीत तलवारबाज होते तसे पखालजीही होते, धान्याचे बैल हाकणारे होते. बखरीत नावं मात्र सरदारांची.

जून 1985 मध्ये 'मिराज 2000' ग्वाल्हेरला उतरली. फ्रान्सहून ती टप्पे घेत घेत आली. या विमानाच्या कॉकपिटपुढे, किंचित उजवीकडे, एक वाकडी नळी बसवता येते. तिलाच प्रोब म्हणतात. हवेत इंधन घ्यायचं ते तिच्यातून. म्हणजे विमान प्यायला तयार होतं, पण पाजणारं विमान, म्हणजे टँकर, आपल्याकडे नव्हतंच. 1999 मध्ये कारगिलला मुंथो ढालो आणि टायगर हिलवर याच मिराजनी बॉम्ब टाकले, तेही आपल्या टँकरच्या मदतीशिवाय.

जगात ही विद्या तोवर जुनी झाली होती. 1923 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ एका विमानातून दुसऱ्यात चक्क रबरी पाइप सोडून इंधन भरलं गेलं होतं. 1949 मध्ये 'लकी लेडी 2' हे बॉम्बफेकी विमान वाटेत चारदा इंधन घेऊन, कुठेही न उतरता, पृथ्वीला फेरी घालून आलं. आपल्याकडे मुहूर्त लागला तो 2003 मध्ये. उझबेकिस्तानात ताश्कंदच्या कारखान्यात बांधलेली सहा इल्यूशिन 78 विमानं घ्यायचं ठरलं होतं, त्यांतलं पहिलं त्या वर्षी आलं आणि आग्र्याला स्क्वाड्रन उभी राहिली. 'मिड एअर रिफ्युएलिंग स्क्वाड्रन'ची आद्याक्षरं जुळवून तिला 'मार्स' म्हणू लागले. आग्र्याला इल्यूशिन 76, म्हणजे आपलं 'गजराज', आधीपासूनच होतं. 78 हे त्याचंच भावंड, त्यामुळे घर परकं नव्हतं.

वर्तमानपत्रं याला 'उडता पेट्रोल पंप' म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. पंपावर आपण गाडी बंद करून उभे राहतो, इथं थांबायची सोयच नाही. टँकरच्या दोन्ही पंखांखालून एकेक आणि मागच्या बाजूने एक असे तीन पाइप बाहेर येतात. प्रत्येकाच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी टोपली. लढाऊ विमानाने मागून हळूहळू सरकत, माणूस चालतो एवढ्याच जादा वेगाने, प्रोब त्या टोपलीत घालायचा. गंमत अशी की विमान जवळ आलं की त्याच्याच नाकापुढची हवा टोपलीला बाजूला ढकलते. म्हणून वैमानिकाला शिकवतात ते असं, की टोपलीकडे टक लावायची नाही, टँकरकडे बघायचं. टोपलीच्या मागे लागलात की विमान हेलकावे खायला लागतं.

स्क्वाड्रन नवी असतानाच, 2004 मध्ये, तिच्या साथीने आपली जॅग्वार विमानं थेट अलास्कापर्यंत सरावाला गेली. 2008 मध्ये सुखोई अमेरिकेत नेवाडाच्या 'रेड फ्लॅग' सरावाला पोचली, तेव्हाही बरोबर हेच टँकर होते.

10 सप्टेंबर 2018 ची गोष्ट तर ग्वाल्हेरचीच. त्या दिवशी सकाळी तेजसने पहिल्यांदा हवेत इंधन घेतलं: 20,000 फुटांवर, इल्यूशिन 78 कडून, 1,900 किलो. त्याच्या सहा दिवस आधी नुसतीच प्रोब-टोपलीची गाठ घालून पाहिली होती, इंधन न सोडता. तेजस घडवणारे अभियंते महाराजपुऱ्याच्या तळावर बसून विमानाचे आकडे बघत होते. पाच-साडेपाच महिन्यांनी, 26 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे, बालाकोटला निघालेल्या मिराज ग्वाल्हेरहून उडाल्या. आग्र्याचा टँकर त्याही मोहिमेत होता. दुसऱ्या दिवशी शहरात पेढे वाटले गेले ते मिराजच्या नावाने.

सहा विमानांवर एवढा मोठा देश चालवणं सोपं नाही. महालेखापरीक्षकांच्या 2017 च्या अहवालात नोंद आहे की 2010 ते 2016 या काळात ही विमानं सरासरी 49 टक्केच उड्डाणयोग्य असत, अपेक्षा 70 ची होती. नवे टँकर घ्यायचे म्हणून एअरबसच्या ए-330 ची दोनदा निवड झाली आणि दोनदा किमतीवरून निविदा रद्द झाल्या, 2010 मध्ये आणि 2016 मध्ये. शेवटी मार्च 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने एका खासगी परदेशी कंपनीकडून एक केसी-135 विमान भाड्याने घ्यायचा करार केला. हवाई दल आणि नौदलाच्या वैमानिकांना सराव देण्यापुरतं ते आहे. लढाईच्या वेळी धावायचं ते अजूनही आग्र्याच्या त्या सहा इल्यूशिननीच.