जुन्या रॉक संकलनांचा ध्वनिजीर्णोद्धार

आधी प्रसिद्ध झालेली गाणी एकत्र करून काढलेल्या रॉक अल्बमच्या मूळ ध्वनिफिती शोधणे, त्यांतील बिघाड दूर करणे आणि तो अल्बम नव्याने ऐकण्याजोगा करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. नेहमीच्या रीमास्टरिंगपेक्षा, म्हणजे जुन्या फितीवरून आवाज नव्याने सुधारून घेण्यापेक्षा, ते किचकट असते. एखाद्या गटाचा अल्बम सहसा एका स्टुडिओत, एका तंत्रज्ञाच्या हाताखाली तयार होतो आणि त्याची एक मास्टर टेप, म्हणजे जिच्यावरून प्रती निघतात ती अंतिम फीत, असते. संकलनाचे तसे नाही. लेनी के याने निवडलेल्या गाण्यांचा ‘नगेट्स’ हा दुहेरी अल्बम इलेक्ट्रा या अमेरिकी कंपनीने १९७२ साली काढला. त्यातली २७ गाणी १९६५ ते १९६८ या काळातली, निरनिराळ्या गटांची आणि निरनिराळ्या कंपन्यांकडची. १९९८ मध्ये राइनो कंपनीने तो चार सीडींच्या संचात वाढवून आणला. अशा अल्बमला स्वतःचा एकसंध आवाज मुळातच नसतो. संकलनाची म्हणून जी मास्टर टेप असते, ती बहुधा प्रतीची प्रत असते.

त्यामुळे यात यंत्रांपेक्षा शोधाशोधच जास्त. एका फितीवरून दुसऱ्या फितीवर नक्कल केली की पहिल्याच प्रतीत पार्श्वभूमीची सळसळ सुमारे ३ डेसिबलने वाढते आणि झांजांची धार बोथट होते. शिवाय तबकडी कापण्यासाठी वेगळी फीत तयार करण्याची पद्धत होती. सुई खाचेतून उडू नये म्हणून त्या फितीत खर्ज कमी केलेला असे आणि तारस्वर दाबलेले असत. सीडीच्या सुरुवातीच्या काळात हाताशी आली ती फीत म्हणून हीच अनेकदा वापरली गेली. त्या सीडी कोरड्या वाटतात याचा दोष डिजिटल तंत्राला दिला जातो. खरा दोष कित्येकदा फितीच्या निवडीचा होता. योग्य फीत मिळणे हेच अर्धे यश, आणि ती दर वेळी मिळतेच असे नाही. छोट्या कंपन्या बंद पडल्या, फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली, तीत तिथे ठेवलेल्या मास्टर टेपही जळाल्या. नुकसान नेमके किती, यावर पुढे जाहीर वाद झाला.

साठच्या दशकातली फीत बऱ्याचदा आजही सुरळीत वाजते, पण तिच्यावरून सत्तरच्या दशकात केलेली संकलनाची फीत मात्र चिकटते. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून अनेक फितींवर वापरलेले पॉलियुरेथेनचे बंधकद्रव्य (फितीवरची चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा थर) हवेतील ओलावा शोषून विघटित होते. मग फीत वाजवताना किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि हेडवर, म्हणजे यंत्राच्या फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी राप साचतो. उपाय असा की ती सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सिअस तापमानात कित्येक तास भाजायची. त्यानंतर काही आठवडे ती वाजण्याजोगी राहते, तेवढ्यात डिजिटल प्रत करून घ्यावी लागते. अ‍ॅसिटेट या प्लॅस्टिकच्या जुन्या फितींना मात्र ही ऊब देऊ नये. त्या ठिसूळ असतात आणि पटकन तुटतात, पण न ताणता स्वच्छ तुटत असल्याने सांधता येतात.

संकलनाच्या रिळावर आणखी एक अडचण हमखास भेटते. गाणी कापून, मध्ये कोरी पट्टी घालून चिकटवलेली असतात. वर्षांनी तो गोंद वाळतो किंवा बाहेर पाझरतो आणि वाजवताना सांधे सुटतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या यंत्रावर मुद्रित झालेला असल्याने हेडचा कोन प्रत्येक गाण्याला नव्याने जुळवावा लागतो. हा कोन किंचित चुकला तरी मोनो (डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज असलेल्या) गाण्याचे तारस्वर झडतात, आणि ते नंतर संगणकावर पुरतेपणी परत आणता येत नाहीत.

गतीचा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा. रोलिंग स्टोन्सचा १९६८ मधला ‘बेगर्स बँक्वेट’ हा अल्बम तीस वर्षांहून अधिक काळ किंचित संथ ऐकला जात होता. २००२ च्या आवृत्तीत ते सुधारले गेले. गती तपासण्याची एक नामी युक्ती म्हणजे मुद्रणात शिरलेली वीजपुरवठ्याची गुणगुण. अमेरिकेत मुद्रित झालेल्या गाण्यात ती ६० हर्ट्झवर असायला हवी. ती ५८.८ वर आढळली तर फीत दोन टक्के संथ चालली आहे असे समजावे. अर्थात ती गुणगुण मूळ मुद्रणातली हवी, नंतर नक्कल करणाऱ्या यंत्राची नको.

फीतच नसेल तर तबकडीकडे वळावे लागते. अमेरिकेतल्या मिनिटाला ४५ फेऱ्या घेणाऱ्या कित्येक छोट्या तबकड्या पॉलिस्टायरिनच्या होत्या आणि त्या सुईने लवकर झिजत. म्हणून एकाच गाण्याच्या अनेक प्रती जमवून सर्वांत कमी वाजवलेली निवडतात. एलपीवर खाचेची रेषीय गती कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर असते आणि आत येईतो निम्म्याहून कमी होते, त्यामुळे शेवटची गाणी जास्त फाटलेली वाटतात. कॅनडाच्या के-टेलसारख्या कंपन्या तर वीसेक गाणी एका एलपीवर कोंबत. त्यासाठी गाणी छाटत आणि खाचा अरुंद ठेवत. अशा तबकडीवरून जीर्णोद्धार करणे म्हणजे छायाप्रतीवरून चित्र रंगवणे.

टकटक काढणे आता सोपे झाले आहे: बाधित क्षण ओळखून आजूबाजूच्या ध्वनीवरून तो भरून काढतात. सळसळीचे तसे नाही. झांजांचा निनाद आणि प्रतिध्वनीचे शेपूट सळसळीच्याच पट्ट्यात असतात. जास्त साफसफाई केली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटू लागतो. थोडी सळसळ राहू द्यावी, हे अनुभवी तंत्रज्ञांचे मत रास्त आहे.

सर्वाधिक नासाडी मात्र शेवटच्या टप्प्यावर होते. निरनिराळ्या गाण्यांची पातळी सारखी करण्याच्या नावाखाली नव्वदच्या दशकापासून सगळेच दाबून कमाल आवाजापर्यंत चढवले जाऊ लागले. त्यात हळू आणि जोरदार यांतला फरक मरतो, आणि गॅरेज रॉकसारख्या (साठच्या दशकातल्या हौशी गटांच्या रांगड्या) संगीतात ढोलाचा घाव हाच तर जीव असतो. स्ट्रीमिंग सेवा आता गाण्यांची ऐकू येणारी पातळी आपणच समान करतात, त्यामुळे या दाबादाबीचा फायदाही उरलेला नाही.

साठच्या दशकात कंपन्यांनी मोनो गाणी दोन बाजूंना वेगवेगळी चाळून नकली स्टिरिओ बनवले. कॅपिटल या अमेरिकी कंपनीचे ‘ड्युओफोनिक’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशी गाणी संकलनांत सर्रास शिरली. जीर्णोद्धारात त्यांच्या जागी मूळ मोनो घालणे हे बहुधा उत्तम. अलीकडे यंत्रशिक्षणाने (नमुन्यांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीने) मोनो मुद्रणातून गायन, गिटार, ढोल वेगळे काढून खरेखुरे नवे मिश्रण करता येते. बीटल्सची ‘१९६२–१९६६’ आणि ‘१९६७–१९७०’ ही १९७३ मधली संकलने २०२३ मध्ये पुन्हा आली, तेव्हा ‘लव्ह मी डू’ हे केवळ मोनो स्वरूपात उरलेले गाणे या तंत्राने स्टिरिओत ऐकू आले. ऐकायला ते रंजक आहे. पण हे नवे मिश्रण आहे, दुरुस्ती नव्हे, आणि वेष्टणावर तसे स्पष्ट लिहायला हवे. त्याच आवृत्तीत पहिल्या संकलनात १२ आणि दुसऱ्यात ९ गाण्यांची भर पडली. सीडीवर ती कालक्रमाने मधोमध घातली गेली. एलपीच्या संचात मात्र जुना क्रम न मोडता त्यांना वेगळी तिसरी तबकडी मिळाली.