उपाहारगृह साखळी उद्योजक

उपाहारगृह साखळी उद्योजक : एकाच नावाची, एकाच पद्धतीने चालणारी आणि शक्य तितकी एकाच चवीची अनेक उपाहारगृहे उभारणे व वाढविणे हा ज्याचा मुख्य व्यवसाय असतो, अशी व्यक्ती. उपाहारगृहाचा मालक आणि साखळीचा उद्योजक यांचे काम वरवर सारखे दिसले, तरी ते दोन वेगळे पेशे आहेत. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, माल पारखून घेतो, पदार्थ चाखून पाहतो आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो. साखळीच्या उद्योजकाला मात्र आपण जिथे हजर नाही तिथेही तोच पदार्थ तसाच ताटात पडेल, अशी व्यवस्था लावावी लागते. म्हणून त्याची कारकीर्द हातातले एकेक काम दुसऱ्याच्या हाती सोपवत नेण्याची असते आणि हे सोपविणे ज्याला जमत नाही, त्याचे उपाहारगृह कितीही नावाजलेले असले तरी ते बहुधा एकच राहते.

पूर्वपीठिका : या पेशाचा उगम रेल्वेशी जोडलेला आहे. इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेले फ्रेड हार्वी यांनी १८७६ मध्ये कॅन्सस राज्यातील टोपेका येथील रेल्वे स्थानकात उपाहारगृह सुरू केले आणि पुढे सांता फे रेल्वेच्या मार्गावर अशा उपाहारगृहांची रांगच उभी केली. गाडी थोडाच वेळ थांबत असे, म्हणून प्रवाशांना काय हवे ते गाडीतच विचारून पुढच्या स्थानकाला तारेने कळविले जाई आणि गाडी फलाटाला लागेपर्यंत टेबले मांडून तयार असत. १८८३ पासून त्यांनी वाढपाच्या कामावर तरुण स्त्रिया नेमल्या. त्यांचा गणवेश, बोलण्याची रीत आणि राहण्याचे नियमही कंपनीने ठरवून दिलेले होते. शेकडो मैलांच्या अंतरावर एकच शिस्त टिकविता येते, हे हार्वी यांनी सिद्ध केले.

लंडनमध्ये जे. लायन्स अँड कंपनीने १८९४ मध्ये पिकॅडिली येथे आपले पहिले चहागृह उघडले आणि पुढे त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. रोज लागणारे बेकरीचे पदार्थ, त्यांचा खर्च आणि शाखाशाखांची मागणी यांचा हिशेब इतका वाढला, की या कंपनीने ‘लिओ’ नावाचा स्वतःचा संगणक बांधला. १९५१ मध्ये बेकरीच्या हिशेबाचे काम त्यावर नियमित सुरू झाले आणि दैनंदिन व्यापारी कामासाठी वापरलेला पहिला संगणक म्हणून तो इतिहासात नोंदला गेला. एका चहागृह साखळीला संगणक बांधावासा वाटला, यातच या धंद्याचे मर्म आहे, कारण साखळी चवीइतकीच हिशेबावर उभी असते. अमेरिकेत वॉल्टर अँडरसन व बिली इंग्रॅम यांनी १९२१ मध्ये ७०० डॉलरच्या कर्जावर विचिटा येथे ‘व्हाइट कासल’ हे हॅम्बर्गरचे उपाहारगृह सुरू केले. त्या काळी खिमा केलेल्या मांसाविषयी लोकांना संशय वाटे. तो घालविण्यासाठी इमारती पांढऱ्याशुभ्र ठेवल्या गेल्या आणि मांस गिऱ्हाइकासमोर भाजले जाऊ लागले. पुढे या कंपनीने कामगारांच्या कागदी टोप्या आणि दुकानांच्या पोलादी इमारतीसुद्धा स्वतःच्याच उपकंपन्यांमार्फत बनविल्या.

दुसरी शाखा : या कारकिर्दीतील खरी कसोटी पहिल्या उपाहारगृहाची नसून दुसऱ्याची असते. पहिल्या ठिकाणी संस्थापकाची नजर आणि जीभ हेच नियम असतात. आचारी मीठ अंदाजाने टाकतो, पण तो अंदाज दहा वर्षांचा असतो. नव्या शाखेत तीच पाककृती दिली, तोच माल पोचविला, तरी तिथली पळी थोडी मोठी असते, शेगडीची आच वेगळी असते आणि दुपारच्या गर्दीत नवा आचारी पाणी जरा जास्त घालून मोकळा होतो. गिऱ्हाईक दुकानात तक्रार करत नाही, ते पुन्हा येत नाही एवढेच. या अनुभवातून उद्योजक ‘अंदाज’ मोडीत काढायला शिकतो. पळीच्या जागी वजनकाटा येतो, आचेच्या जागी तापमान आणि मिनिटे येतात आणि तोंडी सूचनांच्या जागी कामाची लेखी पुस्तिका येते. पुष्कळदा शाखांत मूळ स्वयंपाकच होत नाही. मसाले, रस्से व पीठ मध्यवर्ती स्वयंपाकघरात तयार होऊन येतात आणि शाखेत केवळ अखेरची कृती केली जाते.

या शिस्तीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रिचर्ड व मॉरिस मॅकडोनल्ड या बंधूंचे आहे. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील त्यांचे उपाहारगृह उत्तम चालले होते. तरीही १९४८ मध्ये त्यांनी ते काही महिने बंद ठेवले, मोटारींपाशी जाऊन पदार्थ देणाऱ्या वाढपिणींना कामावरून कमी केले, मेनूत जेमतेम ९ पदार्थ ठेवले आणि प्रत्येक कामगाराला एकच काम नेमून दिले. पुढे नव्या स्वयंपाकघराची आखणी करताना त्यांनी घरच्या टेनिस कोर्टावर खडूने प्रत्यक्ष मापाचा नकाशा काढला, कामगारांना त्यावर खोटे खोटे पदार्थ करायला लावले आणि कोण कुठे अडखळतो, कुणाचा कुणाला धक्का लागतो हे पाहून रेघा पुसल्या व पुन्हा काढल्या. चालत्या धंद्याला कुलूप लावून पद्धत बदलण्याचे हे धाडस या पेशातील सर्वांत मोलाच्या निर्णयांपैकी एक मानावे लागेल.

पैसा आणि जागा : कच्चा माल आणि मजुरी हे दोन खर्च मिळून विक्रीच्या साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या आत राहावेत, असा या धंद्यातील जुना ठोकताळा आहे. भाडे, वीज, कर्जाचे हप्ते आणि नफा उरलेल्या भागातून निघतात. त्यामुळे जागेची निवड चुकली, तर उत्तम पदार्थही शाखा वाचवू शकत नाही. दोन शाखा फार जवळ आल्या, तर एकीचे गिऱ्हाईक दुसरी खाते. फार लांब गेल्या, तर मालाची वाहतूक आणि देखरेख परवडत नाही. म्हणून जाणते उद्योजक एका भागात घट्ट जम बसविल्यावरच पुढच्या भागात पाऊल टाकतात.

वाढीचे दोन मार्ग असतात. सर्व शाखा स्वतःच्या मालकीच्या ठेवल्या तर ताबा पक्का राहतो, पण भांडवल अडकते. फ्रँचायझी, म्हणजे आपले नाव व पद्धत वापरून शाखा चालविण्याचा परवाना दुसऱ्याला दिला, तर भांडवल दुसऱ्याचे येते, मात्र आपल्या नावाची अब्रू त्याच्या हाती जाते. फ्रँचायझी घेणारा सुरुवातीला ठरावीक शुल्क आणि नंतर रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला ठरलेला हिस्सा, देतो. हॉवर्ड जॉन्सन यांनी १९३५ मध्ये हा मार्ग उपाहारगृहांसाठी यशस्वीपणे वापरला. केंटकी फ्राइड चिकनचे कर्नल हार्लंड सँडर्स यांची पहिली फ्रँचायझी १९५२ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे पीट हार्मन यांनी घेतली. सँडविचच्या ‘सबवे’ साखळीचे फ्रेड डिलुका यांनी १९६५ मध्ये वयाच्या १७ व्या वर्षी, पीटर बक यांच्याकडून घेतलेल्या १,००० डॉलरवर पहिले दुकान काढले. १० वर्षांत ३२ दुकाने काढण्याचे त्यांचे उद्दिष्ट होते. १९७४ पर्यंत निम्मीच, म्हणजे १६ दुकाने झाल्यावर ते फ्रँचायझीकडे वळले.

रॉयल्टीपेक्षा जमीन अधिक देते, हा शोध मॅकडोनल्ड्सच्या वाढीत लागला. मिल्कशेकची यंत्रे विकणारे रे क्रॉक १९५४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, मॅकडोनल्ड बंधूंना भेटले आणि त्यांच्या पद्धतीचे हक्क घेऊन पुढच्या वर्षी त्यांनी इलिनॉयमधील डेस प्लेन्स येथे शाखा उघडली. करारानुसार शाखाचालकाकडून ९५० डॉलर शुल्क आणि विक्रीच्या १.९ टक्के रक्कम मिळे आणि त्यातून विक्रीचा ०.५ टक्का बंधूंना द्यावा लागे. उरलेल्यात कंपनी चालणे कठीण होते. क्रॉक यांचे सहकारी हॅरी सॉनबॉर्न यांनी १९५६ मध्ये तोडगा काढला : कंपनीने जागा स्वतः भाड्याने किंवा विकत घ्यावी आणि शाखाचालकाला पोटभाड्याने द्यावी. यामुळे नियमित उत्पन्न मिळाले आणि नियम मोडणाऱ्याला जागेवरून काढण्याचे बळही हाती आले. १९६१ मध्ये क्रॉक यांनी बंधूंचे सर्व हक्क २७ लाख डॉलरना घेतले. मूळ दुकान बंधूंकडेच राहिले, पण नाव विकले गेल्याने त्यांना त्यावर ‘द बिग एम’ अशी पाटी लावावी लागली. क्रॉक यांनी जवळच मॅकडोनल्ड्सची शाखा उघडली आणि काही वर्षांत ते मूळ दुकान बंद पडले.

फ्रँचायझी घेणारा पुष्कळदा आयुष्याची बचत पणाला लावतो, त्यामुळे त्याचे संरक्षण हा गंभीर विषय आहे. अमेरिकेत १९७९ पासून लागू झालेल्या नियमानुसार फ्रँचायझी विकण्यापूर्वी त्यातील खर्च, अटी आणि कंपनीची पार्श्वभूमी लेखी उघड करावी लागते.

धोके : नवी दहापैकी नऊ उपाहारगृहे पहिल्याच वर्षी बुडतात, ही समजूत खरी नाही. ओहायो राज्यातील कोलंबस शहराविषयी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षी सुमारे २६ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे ६० टक्के उपाहारगृहे बंद पडल्याचे किंवा हस्तांतरित झाल्याचे आढळले. साखळीला मात्र बुडण्याचे तिचे स्वतःचे मार्ग असतात. बॉस्टन मार्केट या अमेरिकी साखळीने १९९० च्या दशकात कर्जाच्या जोरावर हजाराहून अधिक शाखा उघडल्या आणि १९९८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. शाखा उघडण्याचा वेग हेच यश मानले गेले, की जुन्या शाखांची विक्री घटते आहे हे उशिरा ध्यानात येते.

त्याहून भयंकर धोका आरोग्याचा आहे. १९९३ मध्ये ‘जॅक इन द बॉक्स’ या अमेरिकी हॅम्बर्गर साखळीच्या अपुऱ्या शिजलेल्या मांसातून ई. कोलाय जंतूंची बाधा पसरली, ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ४ मुले दगावली. वॉशिंग्टन राज्याने मांस शिजविण्यासाठी १५५ अंश फॅरनहाइट तापमान ठरवून दिले असताना साखळीत १४० अंश पुरेसे मानले जात होते. एका दुकानातील चूक त्या दुकानापुरती राहते, पण पुस्तिकेत लिहिलेली चूक प्रत्येक शाखेत रोज तितक्याच इमानाने पाळली जाते. सारखेपणाची ही दुसरी बाजू प्रत्येक साखळी उद्योजकाने रोज आठवावी अशी आहे.

उत्तरार्ध : साखळी वाढली की संस्थापकापुढे ती कुटुंबात ठेवणे, मोठ्या कंपनीला विकणे किंवा शेअर बाजारात नेणे हे पर्याय असतात. व्हाइट कासल आजही संस्थापक कुटुंबाकडे आहे. सँडर्स यांनी १९६४ मध्ये आपली कंपनी २० लाख डॉलरना विकली, पण १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत जाहिरातींतील चेहरा तेच राहिले. काही उद्योजक परत येतात. हॉवर्ड शुल्ट्झ यांनी १९८७ मध्ये स्टारबक्स ३८ लाख डॉलरना विकत घेऊन वाढविली आणि २००० मध्ये मुख्याधिकारीपद सोडले. अतिविस्ताराने कॉफीचा दर्जा घसरल्याचे दिसल्यावर २००८ मध्ये ते परतले. त्या वर्षीच्या २६ फेब्रुवारीला संध्याकाळी अमेरिकेतील सुमारे ७,१०० दुकाने काही तासांसाठी बंद ठेवून कामगारांना कॉफी करण्याचे धडे पुन्हा देण्यात आले.

हॉवर्ड जॉन्सन यांच्या नारिंगी छपरांच्या उपाहारगृहांची संख्या १९७० च्या दशकात हजारावर होती. १९५९ मध्ये त्यांनी सूत्रे मुलाकडे दिली. १९७९ मध्ये ती कंपनी ब्रिटनच्या इंपीरियल ग्रुपला विकली गेली आणि नंतर तिचे तुकडे होत गेले. न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथील तिचे शेवटचे उपाहारगृह २०२२ मध्ये बंद झाले.