मॅग्नेशियम काढून टाकलं तर?

परीक्षा जवळ आल्या की इंदूरमध्ये भंवरकुआंच्या झेरॉक्सवाल्यांकडे सोडवलेले प्रश्नसंच धडाधड खपतात. एम.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या माझ्या भाचीनेही बिहेवियरल न्यूरोसायन्सचा, म्हणजे मेंदू आणि वर्तन यांच्या अभ्यासाचा, एक आणला. तिची पद्धत अशी: प्रश्न वाचायचा, खालचं उत्तर वाचायचं, त्यावर पिवळा मार्कर फिरवायचा. “मामा, सगळं येतंय!” येत काही नसतं, नुसतं ओळखीचं वाटत असतं.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेत हाच फरक मोजला. विद्यार्थ्यांनी उतारे वाचले. मग काही उतारे पुन्हा वाचले, तर काही न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी किती आठवतं हे पाहिलं तेव्हा फेरवाचन पुढे होतं: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र फेरवाचनाचे राहिले ४२ टक्के आणि आठवून लिहिलेल्याचे ५६. उत्तरं तपासून दिलेली नसतानाही!

पण प्रश्न कसा, यावरही बरंच आहे. ‘एनएमडीए रिसेप्टरला कोणता आयन अडवतो?’ याचं उत्तर मॅग्नेशियम. (रिसेप्टर म्हणजे चेतापेशीवरचा, रासायनिक निरोप झेलणारा रेणू.) घोकलं की झालं. त्याऐवजी विचारा: प्रयोगशाळेत द्रावणात जिवंत ठेवलेला मेंदूचा पातळ काप असतो, त्या द्रावणातून मॅग्नेशियम काढून टाकलं तर काय होईल?

आता सगळी यंत्रणा डोक्यात चालवावी लागते. चेतापेशी शांत असताना आतला विद्युतदाब सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो. शेजारच्या पेशीकडून ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन येतं आणि एएमपीए व एनएमडीए या दोन्ही रिसेप्टरना चिकटतं. एएमपीए उघडून सोडियम आत येतो. एनएमडीएही उघडतो, पण त्याच्या वाटेत मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. पुरेसा सोडियम आला आणि आतला ऋणभार उतरला, तरच ते बूच निसटतं आणि कॅल्शियम आत शिरतो. म्हणजे हा रिसेप्टर दोन गोष्टी एकाच वेळी तपासतो: पलीकडून निरोप आला का, आणि अलीकडची पेशी जागी होती का? दोन्हींना होकार असेल तर कॅल्शियम सीएएमके-टू हे एन्झाइम चालू करतो, आणखी एएमपीए रिसेप्टर पेशीच्या पटलावर येतात, दोन पेशींमधला सांधा बळकट होतो. शिकण्यामागे हेच असतं असं मानतात. मॅग्नेशियमच नसेल तर दुसरी अट उडाली. नुसत्या ग्लुटामेटवर कॅल्शियम आत. अशा द्रावणातल्या कापांत अपस्मारासारखे विद्युत झटके दिसतात.

जमलं? मग पुढचा. एपी-फाइव्ह हे औषध एनएमडीए रिसेप्टर अडवतं. १९८६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांच्या प्रयोगात ते दिलेले उंदीर पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे हे नीट शिकू शकले नाहीत. सांधा बळकट झाल्यानंतर ते दिलं तर? बळकटी टिकते, कारण तोवर काम एएमपीए रिसेप्टरवर गेलेलं असतं.

मेहनत टाळायची म्हणून आपल्याकडे ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे, म्हणजे मध्यमेंदू ‘चालू’ करून देण्याचे, वर्गही निघाले, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे! मध्यमेंदू बंद असता तर त्या पोरांना डोळेही धड हलवता आले नसते. तो जन्मापासून चालूच असतो, फी न भरता.

भाचीला एवढंच सांगितलंय की उत्तरांवर कागद ठेव, आधी लिही, मग तपास आणि दोन दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा घे. चार पर्यायांच्या प्रश्नांत तपासणं सोडू नकोस. निवडलेला चुकीचा पर्यायही डोक्यात पक्का बसू शकतो.