बालचित्रकला

साधारण दीड ते बारा वर्षे वयाची मुले आपणहून जी चित्रे काढतात ती, त्यांमागचा विचार आणि या वयाला मानवेल असे कलाशिक्षण, एवढा या विषयाचा आवाका. मुलांची चित्रे म्हणजे मोठ्यांच्या चित्रकलेतल्या चुका, अशीच समजूत दीर्घकाळ होती. इटलीतील कोर्रादो रिची यांनी १८८७ मध्ये या चित्रांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पुढे फ्रांत्स चिझेक यांनी १८९७ मध्ये व्हिएन्नात मुलांचा कलावर्ग सुरू केला. तिथे नमुना गिरवून घेण्याऐवजी मनातले काढू दिले जाई.

सुरुवात रेघोट्यांनी होते. हात खांद्यापासून फिरतो, त्यामुळे रेघा कागदाबाहेर जातात; हा धसमुसळेपणा नव्हे, मनगटावर अजून ताबा नसतो इतकेच. तिसऱ्या वर्षाच्या आसपास बंद गोल जमतो आणि काढून झालेल्या रेघोट्यांना ‘ही गाडी’ असे नाव मिळू लागते. आधी चित्र, मग नाव. हा क्रम उलटून ‘आता मी गाडी काढतो’ असे मूल म्हणू लागले, की कल्पना हाताच्या पुढे धावू लागली असे समजावे.

यानंतरचा माणूस म्हणजे एक गोल आणि त्यातूनच निघालेले दोन पाय. हात काढलेच तर तेही डोक्यातूनच फुटतात. या मुलाला स्वतःचे पोट दाखवता येते, म्हणजे शरीराचे ज्ञान कमी पडलेले नसते. एक स्पष्टीकरण असे, की क्रमाने काढताना वरचे टोक आणि खालचे टोक लक्षात राहते, मधले निसटते.

पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या चित्रांत खाली जमिनीची रेघ, वर आकाशाची पट्टी आणि मध्ये कोरा कागद असतो. घराच्या भिंतीतून आतली माणसे दिसतात. उतरत्या छपरावरचे धुराडे तिरके होते, कारण मूल ते जमिनीशी नव्हे, छपराच्या रेघेशी काटकोनात उभे करते. मूल दिसते ते नव्हे, ठाऊक असते ते काढते, हे झॉर्झ-आँरी ल्युके यांनी १९२७ मध्ये मांडले. १९७२ मधल्या एका प्रयोगात कान मागे दडेल अशा बेताने कप समोर ठेवला, तरी लहान मुलांनी कान काढलाच. साधारण आठव्या वर्षापासून मुले दिसते तसे काढू लागली.

कल्पनाशक्तीचाही असाच चढ असतो. अॅनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांनी १९९० मध्ये मुलांना ‘अस्तित्वातच नसलेला माणूस’ काढायला सांगितले. चार ते सहा वर्षांच्या मुलांनी मुख्यतः अवयवांचे आकार बदलले किंवा एखादा अवयव गाळला. आठ ते दहा वर्षांच्या मुलांनी अवयवांच्या जागा बदलल्या, माणसाला प्राण्याचे भाग जोडले. पाठ झालेली कृती मधूनच मोडता येणे ही मोठी पायरी आहे, आणि ठरावीक नमुने गिरवून ती चढता येत नाही.

साहित्य थोडे पण नेमके असावे. लहानांना किमान २९७ × ४२० मिमी. कागद द्यावा आणि तो चारही कोपऱ्यांना चिकटवावा. सरकणारा कागद धरण्यातच एक हात अडकतो. मेणखडूंचे ३-४ सेंमी. तुकडे केले, की मुठीत धरायला जागा उरत नाही आणि बोटांची पकड आपोआप येते. (नवे खडू मोडताना मोठ्यांचाच जीव खालीवर होतो.) रंग लाल, पिवळा, निळा आणि पांढरा पुरेत, कुंचला चपटा, १२ ते २० मिमी. रुंदीचा. एक फटकारा मारून कागद उभा धरावा: ओघळ आला तर पाणी जास्त झाले, केस ओढल्यासारखे कोरडे पट्टे उमटले तर कमी. प्रत्येक वाटीत वेगळा कुंचला नसेल तर सगळे रंग लवकरच मातकट होतात, कारण तिन्ही मूळ रंग एकत्र आले की जवळजवळ सगळाच प्रकाश शोषला जातो.

बिघाड बहुतेक वेळा मोठ्यांकडून होतो. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाने मूल घाईने काहीतरी नाव सांगते आणि पुढच्या वेळी ओळखू येईल असेच काढते. त्याऐवजी ‘इथे रंग खूप दाबून दिलास’ असे, दिसते तेवढेच बोलावे. मुलाच्या कागदावर स्वतः सुबक पक्षी काढून दाखवणे तर टाळावेच; त्यानंतर ‘तूच काढून दे’ सुरू होते. बक्षिसांचाही तोटा होतो. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या अभ्यासात, प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगून ज्यांच्याकडून चित्रे काढून घेतली, ती मुले नंतर मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. न सांगता प्रमाणपत्र मिळालेल्यांच्या बाबतीत असे झाले नाही.

नऊ-दहाव्या वर्षी ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य ऐकू येते. नजर तयार झालेली असते, हात मागे असतो. इथे नुसते कौतुक कामाचे नाही, तंत्र शिकवावे लागते: स्वतःचा हात समोर ठेवून निरखत काढणे, सावली पाहणे, किंवा माती, ठसे, चिकटकाम अशा माध्यमांकडे वळणे.

चित्रावरून बुद्धी मोजण्याचा प्रयत्न फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये केला. माणसाच्या चित्रातील तपशिलांना त्यात गुण दिले जात. पण एकाच मुलाचे चित्र थकवा, घाई किंवा नवा कुंचला एवढ्यानेही बदलते, म्हणून एका कागदावरून निष्कर्ष काढू नये. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि मुलाने सांगितलेले शब्द लिहून सहा महिन्यांची चित्रे क्रमाने लावली, तर बदल वाचता येतो.